गरम झाली की गप्प

जुन्या गाडीचा बिघडलेला आवाज मालकाला सर्वांत शेवटी ऐकू येतो. आधी शेजाऱ्यांना, मग गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पानटपरीवाल्याला, मग घरच्यांना, आणि उरलाच तर मालकाला. धाराशिवात गाडी वळणावर दिसण्याआधी कोण आलं ते आवाजावरून कळतं. त्यामुळे आवाज बदलला की त्यावरची चर्चा मालकाला वगळूनच सुरू होते. माझ्या १९९८ सालच्या मारुती एट हंड्रेडबद्दलची चर्चा दिवाळीपासून चालू होती, हे मला संक्रांतीला कळलं. मी तिळगूळ पुढे केला. शेजारच्या अण्णांनी तो तोंडात टाकला आणि म्हणाले, "गोड बोलायचंच सर, पण एकदा टॅपेट बघून घ्या."

टॅपेट हे निदान आपल्याकडे सगळ्यांना परवडतं. टॅपेट असतं कुठे आणि दिसतं कसं हे ठाऊक नसलं तरी चालतं. इंजिनातून टिकटिक आली की माणूस टॅपेट म्हणतो आणि पुढे चालू लागतो. पण यात गल्लीची फारशी चूक नाही, हे मला नंतर समजलं. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदा धूर बाहेर टाकतो, आणि टॅपेटही दोन फेऱ्यांतून एकदाच वाजतं. गाडी उभ्या जागी मिनिटाला साडेआठशे फेरे घेत असेल, तर सैल टॅपेट सेकंदाला साधारण सात वेळा टिकटिकणार. धूर निघायच्या सांध्यात फट पडली असेल, तर तिथूनही सेकंदाला सातच वेळा फुसफुस येणार, आणि लांबून ती टिकटिकच वाटणार. ठेका एक, लयही एक. यात भलेभले फसतात.

हा सांधा म्हणजे मॅनिफोल्डचा. इंजिनाच्या हेडला धूर बाहेर जायची तोंडं असतात. एट हंड्रेडला तीन सिलिंडर, म्हणून तोंडंही तीन. या तिन्हींतून येणारा धूर गोळा करून एका नळीने सायलेन्सरकडे पाठवायचं काम मॅनिफोल्ड करतो. हेड ॲल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड बिडाचा. (बिडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा. हे सांगावं लागतं, कारण "बीडहून मागवलाय का?" असं मला खरोखर विचारण्यात आलं, आणि विचारणारा गृहस्थ त्या जिल्ह्याचा जावई निघाला.) दोघांच्या मध्ये एक पातळ पॅकिंग, आणि सगळं हेडमध्ये रोवलेल्या स्टडवर नटांनी आवळलेलं. कागदावर इतकं सोपं आहे.

भानगड अशी की हे बीड तापतं फार. गाडी पळताना मॅनिफोल्ड चारशे अंशांच्या घरात सहज जातो, चढावर त्याहून वर. फूटभर लांबीचं बीड एवढं तापलं की सव्वा मिलिमीटरहून जास्त वाढतं. गार झालं की पुन्हा आखडतं. पंचवीस-सव्वीस वर्षं रोज असं वाढणं-आखडणं चाललं की पॅकिंग पिचतं, स्टड थकतात आणि बीड किंचित वाकतं. फट पडते. पण गाडी सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांत धातू फुगतो, फट जवळजवळ मिटते आणि टिकटिक बंद.

म्हणजे दुखणं फक्त सकाळी, थंडीत आणि घरच्या दारात. गॅरेजच्या दारात गाडी ठणठणीत.

गॅरेज सोलापूर रस्त्याला. तिथे पोचेपर्यंत गाडी तापलेली, म्हणून आवाज गायब. मेस्त्री कान लावून ऐकणार, ॲक्सिलरेटरची तार ओढून पाहणार आणि माझ्याकडे अशा नजरेने बघणार की मीच टिकटिकत होतो. "काही नाही वो सर, वहीम आहे तुमचा." गाडी रात्रभर ठेवून सकाळी ऐका म्हणावं, तर तिथेही पेच. सकाळी गॅरेज उघडणारं पोरगं आधी सगळ्या गाड्या सुरू करून बाहेर सावलीला लावतं, झाडलोट करतं, चहा आणतं. मेस्त्री उगवतो त्यानंतर, आणि तोवर दुखणं मिटलेलं असतं. यात गॅरेजवाल्याला मी दोष देत नाही. ज्या वेळी गाडी खरं बोलते त्या वेळी तो गावातच नसतो, बेंबळी रस्त्याच्या शेतावर पाणी धरत असतो.

हे असंच चाललं असतं. पण आईने तुळजापूरच्या वाटेवर एक निरीक्षण नोंदवलं. "तुझ्या गाडीत बसलं की कशी छान झोप येते रे. उतरलं की डोकं मात्र धरतं." घरात त्यावर तीन मतं पडली: घाट लागतो, उपास आहे, दृष्ट लागलीय. देवीच्या दारात उभं राहून मला चौथं सुचलं आणि पोटात गोळा आला. फुटक्या सांध्यातला धूर बॉनेटखाली साठतो आणि तिथून हवेच्या झडपेतून आत येतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. झोप येणं, डोकं धरणं, ही त्याचीच लक्षणं. तुळजापूरहून परत येताना जानेवारीच्या गारठ्यात चारही काचा खाली होत्या. आई शालीत गुरफटून बसली होती आणि म्हणत होती की काच लावायची सोय कंपनीने कशाला दिलीय मग.

गाडी विकून टाका, असा सल्ला देणारे होतेच. पण जुन्या गाडीचं अर्थशास्त्र वेगळं असतं. पंधरा वर्षं उलटलेल्या मोटारीचं पासिंग नव्याने करायची फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० ची ५००० झाली, शिवाय पर्यावरण कर. एवढे पैसे भरल्यावर गाडी काढणं म्हणजे भरलेल्या पैशांचा अपमान. आणि एट हंड्रेड ही तशी एकट्याची गाडी नाहीच. १९८३ च्या डिसेंबरात पहिली गाडी रस्त्यावर आली, २०१४ च्या जानेवारीत शेवटची तयार झाली, मधल्या तीस वर्षांत पंचवीस लाखांहून जास्त निघाल्या. त्यामुळे प्रत्येकाची एक एट हंड्रेड असतेच. स्वतःची नसली तर मामाची, मामाचीही नसली तर ज्यात बसून बायको बघायला गेला ती. परिणामी तिच्यावर बोलायचा हक्क साऱ्या जिल्ह्याला आहे.

तो हक्क बजावण्याची संधी मी रविवारी दिली. घरीच काम करायचं ठरवलं. रविवार निवडताना एक गोष्ट ध्यानात घ्यायची राहून गेली असं म्हणणार नाही, ती कोणाच्याच हातात नसते: त्याच दिवशी नळाला पाणी आलं. आमच्याकडे नळ रोज येत नाही. येतो तेव्हा अख्खी गल्ली मोटारी, पाइप, बादल्या घेऊन रस्त्यावर असते आणि टाक्या भरेपर्यंत कोणालाच दुसरं काम नसतं. बॉनेट वर झालं आणि माणसं जमली.

धाराशिवात उघडं बॉनेट हे आमंत्रण समजलं जातं. आधी ट्रॅक्सवाला आला, "काय करायलाव सर?" मग रिटायर गुरुजी, मग अण्णा, मग एक अनोळखी माणूस जो पत्ता विचारायला थांबला होता आणि पुढे दुपारच्या जेवणापर्यंत थांबला. त्याला ज्यांच्याकडे जायचं होतं तेही तिथेच उभे होते, हे दोघांना बऱ्याच उशिरा कळलं. सरतेशेवटी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका आले. गर्दीने त्यांना वाट दिली.

काकांचा अधिकार मोठा आहे. त्यांचे वडील निजामाच्या मोटारींवर फिटर होते. आता हा इतिहास पुण्याकडच्यांना माहीत नसतो. त्यांना वाटतं, एसटी म्हणजे १ जून १९४८ ची पुणे-नगर गाडी. पण आमचा भाग तेव्हा हैदराबाद संस्थानात, आणि निजामाच्या रेल्वेखात्याने २७ बसगाड्या घेऊन १९३२ सालीच रस्त्यावरची वाहतूक सुरू केली होती. या सोळा वर्षांच्या ज्येष्ठतेवर काका पुण्याच्या कोणत्याही मेकॅनिकला ज्युनिअर मानतात. त्याने इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलं असलं तरी.

"सुरू करू नका," काका म्हणाले. "गार आहे तोवर बघू." हे वाक्य एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी उच्चारलं. त्यांनी मॅनिफोल्डवरचं पत्र्याचं झाकण काढायला लावलं, बॅटरी मारली आणि सांध्याजवळ बोट नेलं. एका तोंडापाशी काजळीचा काळा ओघळ पसरला होता. धूर जिथून निसटतो तिथे सही करून जातो. प्रकरण इथेच संपायला हवं होतं, पण गल्लीला पुरावा कमी वाटला. अण्णा टॅपेट सोडायला तयार नव्हते.

मग काकांनी दोन कानांची परीक्षा घेतली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला: धातूतून येणारा आवाज, म्हणजे टॅपेट असेल तर ते, असं ऐकू येतं. हवेतला फुसका ऐकायला मात्र रबरी नळी लागते, एक टोक कानाशी, दुसरं सांध्याभोवती फिरवायचं. स्क्रूड्रायव्हर होता. नळी मागितल्यावर नुसती शांतता. पाणी आलेल्या दिवशी धाराशिवात कोणी कोणाला पाइप देत नाही. माणूस किडनीचा विचार करेल. शेवटी गुरुजींच्या नातवाने गॅसच्या शेगडीची जुनी, बदललेली नळी आणली. गाडी सुरू केली. काकांनी ऐकलं, मग नळी अण्णांकडे दिली. अण्णांनी ऐकलं आणि दचकून कान मागे घेतला. "फुंकू लालाय की वो!" टॅपेटचा पक्ष तिथे संपला. मात्र त्यानंतर प्रत्येकाला एकदा ऐकायचं होतं, पोरांना दोनदा. रांग लागली. रांग संपेपर्यंत इंजिन तापलं आणि शेवटच्या चौघांना काहीच ऐकू आलं नाही. त्यांचा आजही या निदानावर विश्वास नाही.

याच सुमारास आई उदबत्ती घेऊन बाहेर आली. तिची कल्पना शास्त्राला धरून होती: सांध्याजवळ उदबत्ती धरली की फट असेल तिथे धूर हलतो. वर गाडीची पूजाही होते. काकांनी अदबीने ती हातातून घेतली आणि तुळशीपाशी नेऊन लावली. कार्बोरेटर हाताच्या अंतरावर, पेट्रोलच्या जुन्या नळ्या, आणि आजूबाजूला निम्मी गल्ली. "वहिनी, देव सगळीकडे आहे, पण पेट्रोलबी आहे."

इथवर होतं ते निदान. खरा खेळ पुढे, कारण मॅनिफोल्ड काढणं याचा अर्थ नट काढणं. गंजाने नट आणि स्टड एकजीव झालेले. त्यांना सोडवण्यावर जेवढी मतं आहेत तेवढी निवडणुकीतही नसतात. डिझेल सोडा. ब्रेक ऑइल सोडा. कोल्ड्रिंक ओता, उरलेलं पिऊन टाका. गुरुजींनी खोबरेल सुचवलं. एकाने घासलेटची आठवण काढली आणि सगळे क्षणभर हळवे झाले, कारण रेशनवरचं घासलेट बंद झाल्यापासून गंजलेलं काहीच नीट निघत नाही असं एकंदर मत पडलं. काकांनी गंजाचा फवारा मारायला लावला आणि सभा दुसऱ्या दिवसापर्यंत तहकूब केली. दुरुस्तीत न करण्याच्या गोष्टी किती असतात हे घरी काम केल्याशिवाय कळत नाही. रात्रभर वाट बघणे ही त्यातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांना सर्वांत अवघड जाणारी.

सोमवारी शाळा सुटल्यावर पुन्हा मंडळी जमली. बारा-तेराचा नेहमीचा पाना काकांनी बाजूला ठेवायला लावला, तो नटाचे कोपरे खातो. सहा बाजूंनी धरणारं सॉकेट हवं. आणि नट सैल करण्याआधी एक केसभर घट्ट करायचा, मग सोडायचा, पुन्हा थोडा घट्ट, पुन्हा सैल. गंजाचा पापुद्रा त्याने मोडतो. बघणाऱ्यांना हे सहन होत नाही. "अहो उलटं फिरवायलाव!" असं दर वेळी कोणीतरी ओरडतंच. एक नट आला. दुसरा आला. पुढच्याला जोर लागला, पान्याला पाइप लावून लांबी वाढवावी अशी सूचना आली, आणि "टक्" झालं. स्टड हेडच्या तोंडाशी मोडला होता. पाना त्या घडीला कोणाच्या हातात होता यावर गल्लीत आजही एकमत नाही.

मोडक्या स्टडवर ड्रिल मारणं हा मोह असतो. काकांनी तो वेळीच मोडून काढला. स्टड पोलादी, भोवतालचं हेड ॲल्युमिनियमचं. ड्रिलचं टोक कठीण पोलादावरून घसरतं आणि मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरतं. मग स्टड जागच्या जागी राहतो आणि भोक शेजारी पडतं. त्याऐवजी उसाच्या ट्रॉल्या जोडणारा वेल्डर बोलावला. कारखान्यांचा हंगाम ऐन भरात, त्याला वेळ नव्हता, पण तो माझा विद्यार्थी निघाला. त्याने आधी बॅटरीची वायर सोडवली, नाहीतर वेल्डिंगच्या करंटने अल्टरनेटर जातो. मोडक्या स्टडच्या बुडख्यावर एक नट ठेवला आणि नटाच्या भोकात वेल्डिंग भरलं. लाल झालेला गोळा गार होऊ दिला, मग पाना लावून सावकाश फिरवला. तापल्याने स्टड फुगतो, गार होताना आखडतो, या हालचालीत गंजाची पकड सुटते. स्टड बाहेर आला. गल्लीने टाळ्या वाजवल्या. वेल्डर म्हणाला, "सर, प्रसरण आणि आकुंचन. तुम्हीच शिकवलं होतं नववीला." मी भूगोल शिकवतो. पण टाळ्या चालू होत्या, म्हणून काही बोललो नाही.

आता प्रश्न मॅनिफोल्डच्या तोंडाचा. नुसतं नवं पॅकिंग टाकून उपयोग नसतो. बीड वाकलं असेल तर नवं पॅकिंगही वर्षभरात फुंकतं. तोंड सपाट आहे का, हे बघायला सपाट जागा हवी. आमच्या घरात अशी खात्रीची सपाट जागा एकच, स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा. रंगवाल्याने भिंती तिरक्या केल्या, सुताराने दारं, पण दगड यंत्रावर कापलेला असतो. मॅनिफोल्ड ओट्यावर पालथा घातला आणि काकांनी खालून फीलर गेजची पाती सरकवायला सुरुवात केली. तेवढ्यात बायको शाळेतून आली. पोळपाटाच्या शेजारी सिलिंडरची काजळी, ओट्यावर वाकलेले दोन म्हातारे आणि दारात चपलांचा ढीग. ती एवढंच म्हणाली, "अहो, झालं की मला सांगा, मी तोवर माहेरी जाऊन येते." मधल्या तोंडाखाली पातं आरपार जात होतं. लेथवाल्याकडून तोंडावर फेसिंग मारून आणलं. ओटा मात्र मीच घासला, आणि तो आधी इतका स्वच्छ कधी नव्हता असं आईचं मत आहे. हे मत तिने बायकोसमोर दिलं नसतं तर बरं झालं असतं.

पॅकिंग सोलापूरहून मागवलं. दुकानदाराने फोनवर एकच विचारलं, "कार्बोरेटर का एमपीएफआय?" आणि एसटीने पुडकं पाठवून दिलं. सगळ्या प्रकरणात पैशांच्या हिशेबाने सर्वांत स्वस्त वस्तू तीच होती. तिच्यावर गल्लीत कोणी एक शब्द बोललं नाही. जोडताना मात्र पुन्हा सभा. नट आवळायचे ते मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, आणि एका दमात नाही, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे. एकीकडून घट्ट करत गेलं की दुसरीकडे मॅनिफोल्ड उचलला जातो. किती घट्ट, याचं उत्तर कंपनीच्या पुस्तकात असतं आणि मोजायला टॉर्क पाना लागतो. तो गल्लीत नव्हता. काकांचं मनगट होतं. ट्रॅक्सवाल्याला ते फार सैल वाटलं. "अजून एक आटी द्या की," तो सारखा म्हणत होता. त्याच्या ट्रॅक्सला मॅनिफोल्डचे निम्मेच स्टड शिल्लक आहेत, हे तिथे कोणी बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे, चांगल्या गारठ्यात, गाडी सुरू केली. टिकटिक नाही. एक चक्कर मारून, गार होऊ देऊन, काकांनी सांगितल्याप्रमाणे नट पुन्हा एकदा तपासले. अण्णा बनियनवर बाहेर आले, बॉनेटपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "आता टॅपेटचा आवाज कसा स्वच्छ येतोय बघा."

त्याच आठवड्यात पीयूसी संपत होतं. इतकी वर्षं ही गाडी पहिल्या झटक्यात पास होत आली होती. पेट्रोल पंपाजवळच्या व्हॅनमधल्या पोराने सायलेन्सरमध्ये नळी घातली, आकडा बघितला, नळी काढून पुन्हा घातली. माझ्या गाडीच्या वयाला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे, आकडा तिच्या वर. मी उभ्या उभ्या विचार केला तेव्हा उलगडलं. मॅनिफोल्डच्या फटीतून धूर बाहेर जायचा तशी दोन धक्क्यांच्या मधल्या पोकळीत बाहेरची हवाही आत ओढली जायची. मागे मशीनपर्यंत पोचायचा तो पाणी घातलेला धूर. इतकी वर्षं पास होत होती ती धाराशिवची हवा. आता फट बुजली आणि कार्बोरेटर काय देतोय ते पहिल्यांदाच खरं खरं दिसत होतं. कार्बोरेटरचा स्क्रू थोडा फिरवला की हे बसेल, हे मला काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

पोरगा तोवर मोबाइलवर गाडीची मागची नोंद काढून बसला होता.

"सर, मागच्या वेळी तर एकदम कमी होतं की. मधे काही काम केलं का गाडीचं?"

"केलं. मॅनिफोल्ड लीक होता, तो काढला."

त्याने माझ्याकडे जरा कळवळून पाहिलं.

"मग तेवढं पहिल्यासारखं करून आणा, सर. लगेच देतो सर्टिफिकेट."